धक्का कोण झेलतं?

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडणीत. आज साध्या गाड्यांतही पुढे बहुधा हेच असतं.

खड्ड्याचा धक्का खरं तर स्प्रिंग झेलते, पण एकदा दबली की ती झोके देत राहते. ते आवरणं हे शॉकअपचं काम. आतला दट्ट्या तेलातून वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं आणि झोक्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळेच.

सील झिजलं की तेल पाझरतं. मग ब्रेक दाबताच गाडीचं तोंड खाली जातं, टायर जागोजागी झिजतात आणि चाक उसळत राहिल्याने गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. बॉनेट दाबून पाहायची युक्ती मला फारशी भरवशाची वाटत नाही. अर्धवट गेलेला शॉकअप त्यात सहज पास होतो.

बदलायचे तर डावा-उजवा जोडीनेच. स्ट्रट मात्र घरी खोलू नये, दाबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेतू शकतं. झिजलेलं वरचं माउंट त्याच वेळी बदलून घ्यावं, मग अलाइनमेंट.