मुंबई ते दुबई विमानाला किती वेळ लागतो?



माझे बाबा दुबईला ड्रायव्हर आहेत. म्हणून विमानाचे अंतर आणि वेळ यांची माहिती मी गुरुजींना विचारली. ती तुम्हांला सांगतो.

अंतर : खडवलीहून मुंबई सी.एस.एम.टी. रेल्वेने सुमारे ७० कि. मी. आहे. लोकलला दीड तासाच्या वर लागतो. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १९३० कि. मी. आहे. म्हणजे सत्तावीस पटींहून जास्त. पण वेळ लागतो फक्त दुप्पट, सव्वातीन तासांच्या आसपास! विमान अरबी समुद्रावरून जाते. वाटेत स्टेशन नाही, वळणे कमी. गुरुजींनी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून ही वाट दाखवली.

वेग : वर गेल्यावर विमान ताशी ८०० ते ९०० कि. मी. जाते. मग भागाकार केला तर सव्वादोन तासच येतात. उरलेला वेळ कुठे गेला? विमान आधी जमिनीवर हळूहळू चालते, मग वर चढते. उतरतानाही वेग कमी करते. तो सगळा वेळ धरावा लागतो. शिवाय उंचावर, जास्त करून हिवाळ्यात, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो. म्हणून दुबईहून येताना तीन तास किंवा थोडे कमीच लागतात.

घड्याळ : हे सर्वांत महत्त्वाचे. बाबांच्या तिकिटावर निघण्याची वेळ सकाळी १० आणि पोचण्याची ११.४५ होती. आजीने आमच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा पाहिले आणि फोनची वाट बघत बसली. दोन वाजले तरी ती जेवली नाही. आई म्हणाली, "अहो आत्या, येईल फोन." अडीचला फोन आला, तेव्हा आजीने पाणी घेतले. विमानाला उशीर झालाच नव्हता. ११.४५ ही दुबईच्या घड्याळाची वेळ होती. तेव्हा आपल्याकडे सव्वा वाजला होता.

असे का होते? पृथ्वी १ अंश फिरायला ४ मिनिटे घेते. भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरतात, दुबईची ६० अंशांवरून. फरक साडेबावीस अंश. त्याला ४ ने गुणले की ९० मिनिटे, म्हणजे दीड तास. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, म्हणून आपले घड्याळ पुढे.

आता परतीचा हिशोब करू. दुबईहून विमान रात्री १० ला निघाले. प्रवास ३ तास, म्हणजे तिथले १. त्यात दीड तास मिळवा. मुंबईत रात्रीचे २.३० वाजतात. पुढे पासपोर्ट तपासणी आणि सामान यात तासभर जातो. तेव्हा लोकल बंद असते. म्हणून माणूस पहाटेच्या लोकलनेच खडवलीला येणार. घरच्यांनी रात्रभर दारात बसू नये, झोपून घ्यावे.

ज्यांच्या घरचे माणूस दुबईला आहे त्यांनी एवढे लिहून ठेवावे : तिकडची वेळ अधिक दीड तास म्हणजे आपली वेळ.

— इयत्ता ४ थी