माणसांनी विणलेले शिवार

विरारहून डहाणूकडे निघालेली गाडी वैतरणा ओलांडते आणि इमारतींची दाटी हळूहळू विरळ होत भातखाचरे, ताडाची झाडे व दूरचे डोंगर दिसू लागतात. वसई-विरारच्या कापडपेठेत पदरांवर, पडद्यांवर तारपा नाचणारी जी पांढरी माणसे छापलेली आढळतात, ती या मुलखातली. त्यांना भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे नेणाऱ्यांत अग्रणी होते डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे.

वारली घरांत लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. पुरुषाने नित्यनेमाने चित्रे काढावीत, ही रीत नव्हती. लहानपणी आईच्या मृत्यूने जिव्या अबोल झाले आणि मनातले मातीत रेखाटून सांगू लागले, अशी हकीकत सांगितली जाते. 1970च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले, कागद व रंग हाती देऊ लागले, आणि चौकाबाहेरचे सारे शिवार चित्रात शिरले.

म्हसे यांची मनुष्याकृती अगदी साधी: टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण आणि काडीसारखे हातपाय. पण कंबरेच्या त्या एका बिंदूवर देह असा तोललेला असतो की तो आता वाकेल, आता धावेल असे वाटते. खरे सामर्थ्य मात्र या आकृती आणि भूमी यांच्या नात्यात आहे. मासेमारीच्या त्यांच्या चित्रांत जाळे एवढे पसरते की तेच पाणी होते, तेच आकाश. शेकडो बारीक रेघांच्या त्या विणीत माणूस कुठेतरी एका कडेला दिसतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या निसर्गचित्रातले क्षितिज येथे नाही. शेणाने सारवलेल्या करड्या पृष्ठभागावर पांढरी रेघ, एवढ्यावर वारा, चिखल आणि श्रम जाणवतात.

1976मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात स्थान, 2011मध्ये पद्मश्री. 2018मध्ये ते निवर्तले. गंजाडचे घर त्यांनी सोडले नाही.

छापील कापडावर या चित्रांतली माणसे तेवढी उचलली जातात. त्यांच्या पायांखालचे शेत आणि भोवतीचे जाळे गळून पडते. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तरी साच्यातून निघालेल्या अशा मालाचा मोबदला पाड्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो. म्हसे यांचे पुत्र सदाशिव व बाळू यांनी मात्र तीच रेघ हाताने ओढणे चालू ठेवले, शेतासकट.