गोदामांतील फोर्कलिफ्ट व तिचा तोल

कित्येक गोदामांत पोत्यांची थप्पी रचण्यास आतां फोर्कलिफ्ट वापरतात. बसून चालविण्याची ही गाडी म्हणजे एक तराजूच होय. पुढचीं चाकें हा टेकू. एकीकडे दांड्यांवरील माल, दुसरीकडे गाडीचें स्वतःचें वजन. पाटीवर लिहिलेली शक्ति मालाचा मध्य दांड्यांच्या मुळापासून ठराविक अंतरावर, पुष्कळ गाड्यांत ५०० मिलिमीटरवर, असेल तेव्हांच खरी. मध्य पुढें सरकल्यास ती घटते. म्हणून माल मुळाशीं टेकवून, किंचित् मागें कलवून, जमिनीपासून सुमारें १५ सेंटिमीटरवरच न्यावा. उंच धरून वळूं नये. उतारावर माल चढाच्या बाजूस ठेवावा. अर्थात् उतरतांना गाडी मागें मागें न्यावी. गाडी मागच्या चाकांनीं वळते व तिची पाठ बाहेर फिरते. तेथें कोणी उभें राहूं नये. दांड्यांवर माणूस कदापि चढवूं नये.

गाडी उलटूं लागतांच उडी मारण्याची बुद्धि होते. तीच घातक, कारण डोक्यावरील पिंजरा उडी घेणाऱ्यास चिरडतो. पट्टा आधींच बांधलेला असावा. चाक घट्ट धरून, पाय रोवून, पडत्या बाजूच्या उलट झुकावें. संस्थांच्या व्यवस्थापकांनीं हें हमालांसहि वाचून दाखवावें, अशी आमची विनंती आहे.