खासगी शाळांच्या फळ्याशेजारी नवी साधने

मुंबई-हावडा लोहमार्गावरील धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारी मंगरूळ दस्तगीर, तळेगाव दशासर, अंजनसिंगी ही गावे याच तालुक्यात मोडतात. वऱ्हाडात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी संस्थांनी उचलला आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली अमरावतीत स्थापन केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था ही त्यांतील अग्रणी. येथील खासगी शाळा म्हणजे केवळ सधनांची शाळा नव्हे. यांपैकी अनेक शाळा शासकीय अनुदानावर चालतात व शेतमजुरांची मुलेही तेथेच शिकतात. म्हणूनच या शाळांतील तंत्रज्ञानाचा विचार करताना सामान्य घरातील विद्यार्थी दृष्टीसमोर ठेवणे अगत्याचे ठरते.

दूरचित्रवाणीपासून प्रारंभ

उपग्रहाद्वारे शिक्षणाचा मोठा प्रयोग भारतात १९७५-७६ मध्ये झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्या वेळी दूरचित्रवाणी संच पोहोचले. पुढे १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि शालेय विषयांवरील मराठी कार्यक्रम तयार होऊ लागले. तथापि, प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे. त्या वेळी वीज गेली अथवा वर्गात दुसरा तास असला, की पाठ हुकत असे. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

पाठ हवा तेव्हा

ठरलेल्या वेळेची ही अडचण नव्या साधनांनी बरीचशी दूर केली. २०१७ मध्ये केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच सुरू झाला. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड मोबाईलने टिपला, की संबंधित पाठ पडद्यावर दिसतो. तो थांबविता येतो व पुन्हा पाहताही येतो. अशा कोडांचा पाठ्यपुस्तकांत कल्पक वापर करणारे, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतील ही कल्पकता खासगी शाळांनाही अनुकरणीय आहे.

कसोटीचा काळ

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि या साधनांची खरी कसोटी लागली. घरात एकच मोबाईल, तोही वडिलांसोबत शेतावर गेलेला, अशा स्थितीत मुलाने तास कसा पाहावा? त्या वर्षी जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, ती अशा मुलांना उपयुक्त होती. साधन नवे आहे की जुने, यापेक्षा ते मुलापर्यंत पोहोचते की नाही, हे महत्त्वाचे, हा बोध त्यातून मिळाला.

शिक्षकाचे स्थान

हृदयातील रक्ताभिसरण किंवा ग्रहांची गती फळ्यावर दाखविणे कठीण. तेथे पडदा उपकारक ठरतो. परंतु कपाशीचे बोंड शाळेजवळच्या शेतात असताना त्याचे चित्र दाखविण्यात काय हशील? केव्हा पडदा लावावा आणि केव्हा मुलांना बांधावर न्यावे, हे शिक्षकच ठरवू शकतो. त्यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण, अखंड वीज आणि साधनांच्या दुरुस्तीची तरतूद हवी. अन्यथा संगणक कक्षाला कुलूपच लागायचे. मोबाईल नसलेल्या मुलाला तोच पाठ शाळेत पाहता यावा, अशी सोय संस्थांनी केली, तर धामणगाव परिसरातील शेतमजुराचे मूलही या प्रगतीत मागे राहणार नाही.