दगडांच्या खोड्या

मांतुआतल्या पलाझ्झो ते या महालाच्या चौकात शिरलं की पहिला संशय ठेकेदारावर येतो. भिंतीच्या वरच्या पट्टीतले काही दगड चक्क खाली घसरलेत! पण ठेकेदार निर्दोष आहे. १५२५ ते १५३५ या काळात हा महाल उभारणाऱ्या जुलिओ रोमानोनं ते मुद्दाम तसे बसवले, स्थापत्याचे नियम कोळून प्यायलेल्या पाहुण्यांची फिरकी घ्यायला.

उत्तर इटलीत अशा खोड्या गल्लोगल्ली सापडतात. मांतुआच्या महालाला तिकीट आहे. पुढच्या खोड्या मात्र सगळ्या रस्त्यावर, फुकट.

अतिक्रमणाचा वारसा
बोलोन्यात पावसाळी दिवशीही छत्री हॉटेलवर ठेवा. शहरात कमानदार ओसऱ्या आहेत, सगळ्या मिळून ६२ किलोमीटर! विद्यापीठामुळे गर्दी वाढली, तशी लोकांनी वरची दालनं रस्त्यावर पुढे काढली आणि खाली खांबांचे टेकू दिले. आपल्याकडे नोटीस आली असती. तिथे १२८८ साली उलटा कायदा झाला: घराला ओसरी हवीच, आणि उंची इतकी की घोड्यावरचा माणूस डोकं न आपटता जाईल. २०२१ साली युनेस्कोच्या यादीतही या ओसऱ्यांचं नाव लागलं.

मापात पाप नको
बोलोन्याच्याच मुख्य चौकातल्या पलाझ्झो द’आक्कुर्सिओच्या भिंतीवर जुनी मापं दगडात कोरलेली आहेत: फूट, वीट, कौल. वीट लहान वाटली? भिंतीला लावून बघा, मग भांडा. जवळच कारंज्यावर नेपच्यून उभा आहे. त्याचा त्रिशूळ ओळखीचा वाटेल, कारण मासेराती गाडीच्या नाकावर तोच आहे. कंपनी १९१४ साली याच शहरात सुरू झाली.

तूळ राशीवाल्यांनो, माफ करा
पादुआच्या पियाझ्झा देई सिन्योरीतल्या घड्याळावर राशी अकराच. तूळ गायब! गावकरी सांगतात, कारागिराला ठरलेले पैसे मिळाले नाहीत. न्याय नाही तर तराजूही नाही. गोष्ट झकास, पण खरं कारण आकाशात आहे. प्राचीन ग्रीक तुळेचे तारे वृश्चिकाच्या नांग्या मानत. म्हणून इथला विंचू दोन घरं अडवून बसलाय.

आठवा पाय इस्तंबूलला
व्हेनिसमध्ये सेंट मार्क चर्चच्या कोपऱ्यावर जांभळ्या दगडातले चार रोमन राज्यकर्ते गळ्यात हात घालून उभे आहेत. पायांकडे बघा. एकाचा पाय फिक्या दगडाचा, जोडकाम! १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, लुटलं गेलं, त्या लुटीत या मूर्ती आल्या. तुटलेला तुकडा मागेच राहिला. तो १९६० च्या दशकात इस्तंबूलला सापडला आणि तिथल्या संग्रहालयात गेला. चोरीचा पुरावा दोन देशांत वाटलेला!

एका बैलाची दोन नशिबं
तुरिनचं मानचिन्ह बैल. गावात हिरव्या लोखंडी नळांवर त्याचं डोकं असतं आणि तोंडातून पिण्याचं पाणी वाहतं. स्थानिक बोलीत नाव ‘तोरेत’, म्हणजे छोटा बैल. मिलानच्या गॅलेरिया या छतवाल्या बाजारपेठेत मात्र हाच बैल फरशीवर आहे, आणि लोक नको त्या जागी टाच रोवून गिरकी घेतात. नशीब उघडतं म्हणे. बैलाचं काय उघडलं? तिथे खड्डा पडतो, तो पुन्हा पुन्हा बुजवावा लागतो.

भिंतीलाही कान असतात
ही म्हण मिलाननं फारच मनावर घेतली. व्हिया सेरबेल्लोनीतल्या एका घराच्या दाराशी आदोल्फो विल्टनं घडवलेला काशाचा मोठा कान आहे. तो होता इंटरकॉम! पाहुण्यानं कानात बोलायचं, आत ऐकू जायचं. आणि शेअर बाजारासमोर? २०१० पासून मौरिझ्झिओ कात्तेलानचा संगमरवरी हात मधलं बोट दाखवत उभा आहे. बाकीची बोटं छाटलेली. शिल्पाचं नाव ‘लव्ह’!

खिडकी उघडेना?
जिनोव्हा आणि आसपासच्या किनाऱ्यावरच्या घरांत काही खिडक्या कधीच उघडत नाहीत, कारण त्या रंगवलेल्या असतात. झडपा, नक्षी, सावली, सगळं सपाट भिंतीवर. सावली उन्हाबरोबर सरकली नाही की समजायचं, फसलो.

आधी खाली, मग वर
वेरोनात फरशीवर गोल वेटोळी दिसली तर थांबा. तिथल्या तांबूस दगडात ज्युरासिक काळातल्या समुद्री जीवांचे, अमोनाइटचे, ठसे आहेत. देवघरातला शाळीग्राम त्यांचाच भाऊबंद. आपण त्याला आंघोळ घालतो, वेरोनाकर त्यावरून सायकल चालवतात.

आता मान वर. पियाझ्झा देल्ले एर्बेजवळच्या कमानीखाली साखळीला व्हेलची बरगडी टांगलेली आहे. कधीही खोटं न बोललेला माणूस खालून गेला की ती पडेल, अशी आख्यायिका. कित्येक शतकं पोप, राजे, व्यापारी आणि पर्यटक त्याच वाटेनं गेले. बरगडी अजून जागेवर आहे. तुम्हीही बिनधास्त जा.