घरबाजार सावरतोय, पण इसार देताना जपून!
बारामती व इंदापूर तालुक्यांतील खरेदीदार बांधवांसाठी

गेल्या काही वर्षांत राज्यातील घरांच्या बाजाराने एकापाठोपाठ एक धक्के सोसले. 8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटाबंदी झाली आणि रोखीवर चालणारे जागांचे व्यवहार थबकले. 2017 मध्ये मे महिन्यात महारेरा व जुलैमध्ये जीएसटी लागू झाला. नवी पद्धत अंगवळणी पडते न पडते तोच मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. कामे बंद पडली, परप्रांतीय मजूर गावी परतले. गवंडी, सेंटरिंगवाले, फरशी बसविणारे, रंगारी, फॅब्रिकेशनवाले अशा कामांत आपले अनेक बांधव आहेत. मंदीची खरी झळ त्यांच्या चुलीला बसली.

बाजाराला पहिला हात दिला तो मुद्रांक शुल्कातील सवलतीने. शासनाने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात शुल्क 3 टक्क्यांनी व पुढे मार्च 2021 अखेरपर्यंत 2 टक्क्यांनी घटविले. सवलत संपली, पण थांबलेली खरेदी सुरू झाली. 2025 च्या एप्रिलमध्ये शासनाने रेडी रेकनरचे दर 2022 नंतर प्रथमच वाढविले. त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून सिमेंटवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला.

आपल्या दोन तालुक्यांत या सावरण्याला स्थानिक आधारही आहे. बारामतीत एमआयडीसी, शिक्षणसंस्था आणि 2019 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे भाड्याच्या व मालकीच्या घरांना गिऱ्हाईक टिकून राहते. जळोची, तांदूळवाडी, रुई हे भाग आता शहराचाच भाग झाले आहेत. इंदापूरला पुणे-सोलापूर महामार्ग आहे, उजनीचे पाणी आहे, साखर कारखाने आहेत. उसाचे बिल हाती आले की घराचा विचार होतो, हा इथला जुना रिवाज. शिवाय 8 नोव्हेंबर 2021 रोजी भूमिपूजन झालेला संत तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटसहून निघून या दोन्ही तालुक्यांतून जातो. रस्ता आला की जागेचा भाव चढतो.

मात्र तेजीची खूण रस्त्याकडेच्या फलकांवर शोधू नये. जाहिरात कोणीही लावतो. खरी खूण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सापडते. त्या भागात खरोखर किती खरेदीखते होतात, कोणत्या भावाने होतात, हे सूची क्रमांक 2 वरून कळते. सांगितलेला भाव आणि नोंदलेला भाव ताडून पाहावा.

आमच्या वाचकांना हे आवर्जून सांगण्याचे कारण आहे. बँकेचे कर्ज काढणाऱ्याच्या जागेची कागदपत्रे निदान बँकेचा वकील तरी तपासतो. व्याजापासून दूर राहणारा आपला बांधव बचत, दागिने, आखातातील भावाने पाठविलेले पैसे किंवा कर्ज-ए-हसना यांवर घर घेतो. ही वाट हलाल आहे, पण त्याची कागदपत्रे तपासणारे कोणी नसते. फसला तर आयुष्याची कमाई जाते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या कराव्यात. जमिनीचे क्षेत्र 500 चौरस मीटरहून अधिक आणि घरे आठाहून अधिक असतील तर प्रकल्पाची महारेरात नोंदणी हवी. नोंदलेल्या करारनाम्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतील 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे त्याला बंधनकारक आहे. हप्ता चुकल्यास व्याजाचे कलम करारनाम्यात असते, म्हणून झेपतील असेच हप्ते ठरवावेत. भोगवटा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

गुंठ्यावारी प्लॉट घेणाऱ्यांनी अधिक सावध असावे. सातबारा, फेरफार, बिगरशेती आदेश व बोजा पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. तुकडेबंदी कायद्यामुळे छोट्या तुकड्यांची खरेदीखते वर्षानुवर्षे अडकली होती. शासनाने 2025 मध्ये सवलत दिली असली तरी आपली जागा तीत बसते की नाही, हे वकिलाकडून आधी समजून घ्यावे. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. पत्नीला किंवा मुलीला हक्काचे छप्पर मिळते, हा लाभ त्याहून मोठा.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा व साक्षीदार घ्यावेत, असा स्पष्ट आदेश सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत आहे. ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला, असे म्हणणारा स्वतःचे आणि त्या ओळखीचेही नुकसान करतो. बाजार सावरत आहे ही आनंदाचीच गोष्ट. त्या तेजीत आपल्या कारागिरांना काम आणि कुटुंबांना निर्धोक घर मिळो, हीच अल्लाहपाशी दुआ.