चिंचोके, शिंपले आणि ताराबाई

मूठभर चिंचोके चार वर्षांच्या पोरासमोर जमिनीवर ओतून बघा. काय करायचं ते मात्र सांगू नका. आधी ते नुसतंच कालवत बसतं. मग एखादा चिंचोका उचलून अंगठ्याने घासतं, कारण चिंचोक्याची चकाकी डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त आवडते. थोड्या वेळाने मोठे एकीकडे आणि बारके एकीकडे अशी वाटणी सुरू होते. मग ओळ लागते, ओळीचा साप होतो, सापाला डोळे म्हणून दोन खडे येतात. आपण मध्ये तोंड घातलं नाही तर अर्धा तास सहज निघतो. या अर्ध्या तासाला बालशिक्षणाच्या पुस्तकांत वर्गीकरण, क्रम, संख्याबोध अशी भारदस्त नावं आहेत. आणि एके काळी अशी समजूत होती की हे सगळं घडायला परदेशी धर्तीचं, रंगवलेलं, पेटीत नीट बसवलेलं लाकडी साहित्यच लागतं.

ती पेटी मिटून ठेवायचं धाडस ताराबाई मोडकांनी केलं. बरं, पेटी त्यांना परकी नव्हती. माँटेसरी पद्धत त्यांनी मुळापासून अभ्यासली होती, शिकवली होती, तिच्यावर भरपूर लिहिलं होतं. पण खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणार नाही हे दिसल्यावर त्यांनी भोवती पाहिलं. दगडगोटे, शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, बांबूचे तुकडे. निसर्गाचं प्रेम म्हटलं की आपल्याला सूर्यास्त आणि कविता आठवतात. ताराबाईंचं प्रेम कामाचं होतं. पान दिसलं की याचं पोरांना काय करता येईल, असं पाहणारं.

त्यांचा जन्म १८९२ चा, घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं. माहेरचं आडनाव केळकर. १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, पुढे लग्न होऊन अमरावतीला गेल्या. नवरा वकील. एक मुलगी झाली, प्रभा. संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास तो मोडला. हा सगळा काळ दोन-तीन ओळींत उरकण्यासारखा नाही खरं तर. त्या काळी पदरात लहान मूल घेऊन नवऱ्यापासून वेगळं होणं म्हणजे काय, हे आजही ज्यांना करावं लागतं त्यांनाच कळेल. पण ताराबाईंनी त्याचं भांडवल केलं नाही, तेव्हा आपणही करू नये. त्या राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून रुजू झाल्या. मानाची जागा, चांगला पगार.

मुलीला कुठल्या शाळेत घालायचं हा प्रश्न तिथेच उभा राहिला. शेकडो शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्यांना स्वतःच्या पोरीसाठी मनासारखी शाळा सापडेना. जवळच भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून बालमंदिर चालवत होते. तेही याच वाटेने आलेले: मुलगा झाला, त्याच्या शिक्षणाची काळजी लागली, माँटेसरी वाचली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झालं. गुजरातेत लोक गिजुभाईंना ‘मुछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशा असलेली आई. ताराबाईंनी १९२३ च्या सुमारास प्राचार्यपद सोडलं आणि त्या भावनगरला गेल्या. पगार किती कमी झाला असेल, विचारू नका.

भावनगरच्या त्या वर्षांत दोघांनी मिळून आपल्याकडच्या बालशिक्षणाचा पाया घातला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, आधी गुजरातीत, मग मराठीत. मुलाला मारू नये, बक्षिसाचं आमिष दाखवू नये, त्याच्या हट्टामागचं कारण शोधावं, हे आज कुठल्याही पालकसभेत ऐकू येतं. तेव्हा ते ऐकून लोक हसत. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं, शिक्षिकांचं प्रशिक्षण सुरू झालं, नाव झालं. शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरांत ‘ताराबाईंची शाळा’ म्हणजे भरवशाचं ठिकाण झालं.

इथे थांबल्या असत्या तरी आपण त्यांना थोर म्हटलंच असतं. मला मात्र त्या खऱ्या अर्थाने उमगतात त्या यापुढे.

डिसेंबर १९४५. वय त्रेपन्न. दादर सोडून त्या बोर्डीला आल्या. समुद्र, सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या आणि आचार्य भिसे यांच्यासारख्या माणसांनी उभं केलेलं शिक्षणाचं वातावरण, असं हे गाव. ग्राम बाल शिक्षा केंद्र तिथे सुरू झालं. हाच तो डहाणू-उंबरगावचा पट्टा. त्याच वर्षी मे महिन्यात झरीला वारल्यांची परिषद भरली होती आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या. दोघी एकाच मुलखात, एकाच वर्षी, अगदी निरनिराळ्या कामांत. एकीने मोठ्यांना उभं केलं, दुसरी त्यांच्या पोरांची नखं कापायला बसली. यातलं थोर काम कोणतं, असा वाद घालण्यात मला रस नाही. पण दुसरं काम इतिहासाच्या पुस्तकात सहसा मावत नाही, एवढं खरं.

नखांचं मी अलंकारिक बोलत नाही. बोर्डीत बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली पोरं तिकडे येईनात. का यावीत? अंगावर धड कपडा नाही, केसांत उवा आणि तिकडे सगळी गावातली. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पोरं बोलवायचा नाद सोडला आणि वस्तीतच जायचं ठरवलं. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडलं. पोरं गोळा केली, तोंडं धुतली, आंघोळी घातल्या, केस विंचरले आणि तिथेच शाळा सुरू केली. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी. शब्द असा जन्मला, केरसुणीच्या टोकाशी.

अनुताईंबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मोरगावात १९१० साली जन्म, लहानपणी लग्न आणि लहानपणीच वैधव्य. शिकल्या, मास्तरीण झाल्या आणि १९४५ पासून ताराबाईंच्या हाताशी आल्या त्या कायमच्या. ताराबाईंपाठोपाठ पुढची जवळजवळ दोन दशकं त्यांनी ते काम ओढलं आणि १९९२ साली त्या गेल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मकथन ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. सासूने सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात तसं हे हस्तांतर झालं. फरक इतकाच, की किल्ल्या लावायला तिजोरी नव्हती.

१९५७ साली केंद्र कोसबाडला गेलं. टेकडी, खाली पाडे, ताडाची आणि शिंदीची झाडं, पावसाळ्यात गुडघाभर गवत. इथली अडचण वेगळीच होती. पोरं शाळेत येत नव्हती, कारण ती रिकामी नव्हती. सहा-सात वर्षांचा मुलगा गुरांमागे, तेवढीच मुलगी कडेवर धाकटं भावंड घेऊन. आईबाप मजुरीला. अशा पोरीला ‘शाळेत ये’ म्हणणं म्हणजे ‘बाळाला खाली टाक’ म्हणणं. याला दोन उत्तरं निघाली. एक विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. ताईची कड मोकळी झाली. शिक्षणाच्या प्रश्नाचं उत्तर पाळण्यात सापडू शकतं, हे ज्याने मूल सांभाळलंय त्यालाच सुचणार.

दुसरं उत्तर कुरणशाळा. मला तर हिचं नाव घेतानाही बरं वाटतं. गुराखी शाळेत येत नाही ना? मग शाळा गुरांमागे. गुरं चरतात तिथे शिक्षिका जाते. झाडाची सावली हा वर्ग, आणि सावली सरकली की वर्गही सरकतो. मोजायला गुरं समोर आहेतच. वजाबाकीसुद्धा मांडून दाखवायला नको, एखादी गाय पलीकडच्या शेतात शिरली की ती आपोआप होते. पानांचे आकार, बियांचे प्रकार, पक्ष्यांची नावं यांत तर गुराखी पोरगा शिक्षिकेच्या दोन पावलं पुढे. शहरातून आलेल्या बाईला पोराने करवंदाची जाळी दाखवायची आणि बाईने त्याला अक्षर दाखवायचं, असा तो व्यवहार. देणंघेणं दोन्हीकडून. ताराबाईंचा उदारपणा मला इथे दिसतो. पैसा त्यांच्याजवळ होता कुठे वाटायला? वाटली ती शाळेची ऐट. मुलानेच उंबरठा ओलांडून आपल्याकडे यायचं, ही अट त्यांनी काढून टाकली.

आता एक अवघड गोष्ट. अशा बाईंबद्दल लिहिताना ‘हजारो मुलांची आई’ हे शब्द लेखणीच्या टोकावर येऊन थांबलेले असतात. मी ते खोडले. कारण ताराबाई आधी एका मुलीच्या आई होत्या आणि हजार मुलांच्या गर्दीत ते एक नाव आपण सोयीने विसरतो. रत्नाकर मतकरींनी ताराबाईंच्या आयुष्यावरून नाटक लिहिलं, त्याचं नाव ‘घर तिघांचं हवं’. शाळा, संस्था, पदक यांपैकी काहीही त्या नावात नाही. आई, बाप आणि लेक अशा तिघांचं घर, तेही ‘हवं’. ज्या मुलीसाठी शाळा शोधत ही बाई भावनगरला गेली, त्या मुलीला आईचा किती वेळ मिळाला असेल, हा प्रश्न विचारल्याने ताराबाई लहान होत नाहीत. उलट तो विचारला नाही तर त्या नुसत्या तसबिरीतल्या राहतात. गिजुभाईंना लोक कौतुकाने आई म्हणाले. बापाने आईपण केलं तर ते बिरूद होतं, आणि बाईने केलं तर ते गृहीत धरलं जातं आणि थोडं कमी पडलं की हिशोब मागितला जातो. हे तेव्हा होतं, आताही आहे.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

परवा ओळखीच्यांच्या नातवाची शाळा पाहायला गेलो होतो. वातानुकूलित खोली, जमिनीवर प्लास्टिकचं हिरवं गवत, भिंतीवर प्लास्टिकचं झाड आणि त्याला प्लास्टिकची फळं. वर्षाची फी ऐकून मी विषय बदलला. बाहेर पटांगणाच्या कडेला खरी चिंच होती, पण तिच्याखाली जायला मुलांना बंदी. कपडे मळतात, असं कळलं. सरकारी अंगणवाड्यांचंही फार वेगळं नाही. तिथे प्लास्टिकला पैसे नाहीत, हाच काय तो फरक. तिथल्या ताईचा दिवस आहार शिजवण्यात, वजनं घेण्यात आणि मोबाईलवर माहिती भरण्यात संपतो. चिंचोके वेचायला तिला फुरसत मिळाली तर ती आनंदाने वेचील, आणि तिला नीट पगार मिळाला तर आणखी आनंदाने. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा म्हणून मांडला आहे, खेळातून आणि भोवतालच्या वस्तूंमधून शिकण्याबद्दल बरंच लिहिलंय. वाचताना सारखं वाटत राहतं, की हे सगळं कोसबाडच्या टेकडीवर करून झालेलं आहे.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव देण्यात आलं अंगणवाडी. आज देशात ती सुमारे १४ लाख आहेत.